मधमाश्यांनी नेलेलं नर झाड

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," मी म्हणालो, "आणि बसला तर मलाच वाईट वाटेल. एवढी वर्षं थापा मारून तुम्हाला शहाणं केलं, ते सगळं पाण्यात गेलं म्हणायचं."

"झालं सुरू," बायकांच्या घोळक्यातून मामपिंगा म्हणाली. "बियरचा डबा अजून अर्धासुद्धा उतरला नाही आणि ताता झिझीची गाडी सुटली."

"तुझं नाव घेतलंय का मी?"

"घेशील. तुझ्या गोष्टीत शेवटी सगळ्यांचीच नावं येतात."

आम्ही वेलिलेच्या अंगणात बसलो होतो. पुरुष गुरं कोंडायच्या कुंपणाला टेकून, बायका घराच्या भिंतीशी सावलीत. सकाळीच त्याच्या बायकोचे, मामटोलोचे, वर्षभराचे काळे कपडे घरामागे जाळले होते आणि तिला नवा निळा छापील झगा, खांद्यावर नवी शाल असं सगळं दिलं होतं. विधवेनं वर्षभर चारचौघांत तोंड उघडायचं नाही, ही आमची रीत. आज ती संपली. पण माणसांना सवय सुटायला वेळ लागतो. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि तीही कुणाशी बोलली नव्हती. अर्धांगाच्या झटक्यानं तिचा डावा पाय वळत नाही, म्हणून तिला चटईऐवजी खुर्ची दिली होती. हात मांडीवर ठेवून ती डोंगराकडे बघत बसली होती.

"तर वेलिलेची गोष्ट," मी म्हणालो. "हा माणूस आयुष्यभर काय करत होता, ठाऊक आहे?"

"रस्त्यावर उभा," दोनतीन जण एकदम म्हणाले.

खरंच, दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. लिबोडेहून समुद्राकडे जाणारा रस्ता कुठे ना कुठे खोदलेला असायचाच. त्या कामाच्या एका टोकाला वेलिले आणि दुसऱ्या टोकाला मी. दोघांच्या हातात काठीवरची पाटी, एका बाजूला 'थांबा', दुसऱ्या बाजूला 'जा'. त्यानं लाल फिरवला की मी हिरवा फिरवायचा. धुक्यात आम्हाला एकमेकांची तोंडंही दिसत नसत, तरी आमचं कधी चुकलं नाही. तो इतका निश्चल उभा राहायचा, की एकदा एका ट्रकवाल्यानं खाली उतरून त्याच्या पायापाशी फुलं ठेवली. त्याला वाटलं, कुणा मोठ्या माणसाचा पुतळा आहे.

"फुलं नाही, केळी," वेलिलेचा भाचा मोंडे म्हणाला. मोंडे नळजोडणीची कामं करतो. मटाटापर्यंतचे नळ त्याच्या नावानं गळतात. "मागच्या वेळी सांगितलंस तेव्हा केळी होती."

"केळीच्या आधी फुलंच येतात, बाबा. ऐक."

वेलिले घरी बसला आणि वर्षाच्या आतच मामटोलोला झटका आला. हात बराचसा सावरला, बोलणं सावरलं, पाय थोडा ओढत राहिला. पण झोप गेली. कमी झाली असं नाही. गेली, घर सोडून गेलेल्या माणसासारखी. दवाखान्यातल्या गोळ्यांनी तिला चक्कर यायची, उंबऱ्यावर पडून तिचं कपाळ फुटलं. त्या गोळ्या वेलिलेनं शेणखड्ड्यात टाकल्या. रात्र रात्र ती छताकडे बघत पडायची, आणि तो तिच्याकडे. सकाळी दोघांचे डोळे सारखेच लाल.

मग त्याला त्याची आई आठवली. ती गांजाची फुलं दुधात उकळून म्हाताऱ्याकोताऱ्यांना द्यायची. आमच्या टेकड्यांवर कुणाची आई देत नव्हती? पूर्वी वरून हेलिकॉप्टर यायचं विष फवारायला. आता कायदाच म्हणतो, घरात हवं तेवढं स्वतःपुरतं लावा. पण अंगणात लावावं तर डोंगरभरच्या नर झाडांचा पराग वाऱ्यावर येणार, आणि फुलांत नुसत्या बिया भरणार. बिया भरल्या की फुलाचा जोर गेला. तशा फुलांच्या दुधानं शेळीसुद्धा झोपत नाही.

"म्हणून मी मामाला म्हटलं, घरातच करू," मोंडे म्हणाला. "पाण्यात."

हे मात्र त्यानं चांगलं केलं, मान्य करतो. वेलिलेची मुलगी बुलेलवा केपटाउनला असते. तिची खोली रिकामी होती. तिथं मोंडेनं बादल्या मांडल्या, झाकणांना भोकं पाडली, भोकांत जाळीच्या टोपल्या बसवल्या. माती नाहीच. मुळं सरळ पाण्यात, आणि पाण्यात हवा सोडणारा पंप, माशांच्या पेटीला असतो तसला. वर जांभळा दिवा. संध्याकाळी त्या खोलीच्या दाराखालून जांभळा उजेड ओसरीवर सांडायचा आणि आतून पाण्याची बुडबुड यायची, कुणीतरी दुसऱ्या खोलीत हळू आवाजात गोष्ट सांगत असावं तशी. मी त्या उजेडात पाय ठेवला तर पाय जड व्हायचे. कोंबड्या तिथं येऊन बसायच्या आणि झोपेत अंडी द्यायच्या. जांभळी.

"जांभळी," मामपिंगा म्हणाली.

"फिकट जांभळी. मी खाल्लीत."

पहिलं पीक निघालं आणि मामटोलो झोपली. बायांनो, काय झोपली म्हणून सांगू. गल्लीतून जाणारी माणसं घरासमोर आली की जांभया द्यायची. पाळकबुवा घरी प्रार्थनेला आले, ते 'आमेन'च्या 'आ'वरच थांबले. दुसऱ्या दिवशी उठून 'मेन' म्हणाले. आणि वेलिले? तो दारात खुर्ची टाकून नुसता तिचा श्वास ऐकत बसायचा. मी विचारलं, "भेले, तू का नाही झोपत?" भेले हे त्याचं कुळाचं नाव, आम्ही त्याच नावानं हाक मारायचो. म्हणाला, "इतक्या दिवसांनी रस्ता मोकळा झालाय. बघू दे जरा."

आता नर झाडांचं ऐका, कारण गोष्ट तिथं आहे. बी पेरताना कोण नर, कोण मादी, हे देवालाही कळत नाही. वाढायला लागल्यावर पेरांपाशी बघावं लागतं. वेलिले रोज दुपारी भिंग घेऊन आत जायचा आणि एकेका झाडापाशी वाकायचा, हवालदारानं परवाना बघावा तसा. मादी असेल तर पेरातून दोन पांढरे केस निघतात, म्हातारीच्या हनुवटीवर असतात तसे.

"माझ्याकडे बघून बोलू नकोस," मामपिंगा म्हणाली.

"मी डोंगराकडे बघतोय. आणि नर असेल तर केस नाहीत, बारीक देठावर एक गोळी. मग दोन. मग द्राक्षांसारखा घोस. हा घोस उकलला की पिवळी धूळ उडते, आणि बंद खोलीत एक नर पुरतो. सगळ्या माद्या बियांनी भरतात."

म्हणून गोळी दिसली की वेलिले झाडावर आधी पाणी शिंपडायचा, धूळ बसावी म्हणून. मग डोक्यावर पिशवी घालायचा आणि टोपलीसकट उचलायचा. खाली मुळं लोंबायची, पांढरीशुभ्र, भिजलेल्या दाढीसारखी. म्हणायचा, "माफ करा साहेब, तुमची बाजू बंद आहे." एक नर माझ्या शेळीनं खाल्ला. चार पायांवर उभी झोपली, डोळे उघडे, आणि जागी झाल्यापासून तिला गावची मुखिया झाल्यासारखं वाटतं. अजून माझ्या आधी दारातून आत जाते.

"ती शेळी लहानपणापासून तशीच आहे," मोंडे म्हणाला.

"तू तिला लहानपणी पाहिलंस?"

"मी तुझ्याकडूनच ऐकलंय."

दुसऱ्या पिकाच्या वेळी एक झाड अडून बसलं. बाकीच्यांनी आपापलं सांगून टाकलं, नर गेले, माद्या फुलांवर आल्या. हे मात्र कोपऱ्यात, पेरं कोरी. ना केस, ना गोळी. मोंडे म्हणाला, मामा, काढून टाक, कशाला जोखीम. पण वेलिलेनं आयुष्यभर चढावरून रांगत येणाऱ्या ट्रकांची वाट बघितलेली. म्हणाला, "भरलेली गाडी हळूच येते. सांगेल सावकाश."

तेवढ्यात मामटोलोला मटाटाच्या इस्पितळात दाखवायला न्यावं लागलं. रांग अशी, की एक मुक्काम पडला. जाताना उकाडा होता म्हणून त्यानं त्या खोलीची खिडकी बोटभर उघडी ठेवली होती. परत आले तर ओसरीपासूनच आवाज. पाण्याची बुडबुड नव्हे. घुमणारा आवाज, देवळात सगळ्यांनी ओठ मिटून गाणं म्हणावं तसा.

कोपऱ्यातल्या झाडानं सांगून टाकलं होतं. नर. शेंड्यापासून खालपर्यंत घोस, त्यातले दोन उकललेले. आणि त्याच्या दुबेळक्यात मधमाश्यांचं मोहोळ, तपकिरी, जिवंत, झोपलेल्या मुलाएवढं.

हसण्याची गोष्ट नाही ही, सगळ्यांना ठाऊक होतं. घरात आलेल्या मधमाश्या म्हणजे मधमाश्या नसतात. घराचे जुने लोक असतात, भेटायला आलेले. धूर करायचा नाही, हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही. मक्याची बियर लावायची, भाऊबंद बोलवायचे, बसा म्हणायचं. मग त्यांना वाटेल तेव्हा ते उठतात.

आणि बियर काही चहा नाही. मका भिजणार, दळणार, शिजणार, आंबणार. तोवर ते घोस थांबणार होते थोडेच? जवळच माद्या फुलांनी वाकलेल्या. पहिल्या पिकाच्या बरणीत तळाला चिमूटभर उरलेलं. हे पीक बियांनी भरलं तर पुढचं यायला हिवाळा सरणार, आणि तोवर मामटोलो छताकडे बघत पडणार.

"मी म्हटलं, मामा, झाडच अलगद उचलून बाहेर ठेवू," मोंडे म्हणाला. हे सांगताना त्याचा आवाज उतरला होता.

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, पाहुणा बसलाय ती खुर्ची ओढतोस?"

बरोबर तेच म्हणाला. मग खुर्ची घेऊन दारात बसला. पाणी शिंपडता येईना, पाहुण्यांच्या अंगावर पाणी कोण मारतं? पिशवी घालता येईना. जन्मभर ज्यानं लोकांना थांबा आणि जा हे दोनच शब्द दाखवले, त्याला त्या दारात दोन्हीपैकी एकही सुचेना. जांभळ्या उजेडात त्याचं तोंड पाण्याखालच्या दगडासारखं दिसायचं. भाकरी नेली तर म्हणायचा, ठेव. शेजारच्या खोलीत मामटोलो उघड्या डोळ्यांनी पडलेली. ती त्याला काही म्हणाली नाही, तो तिला काही म्हणाला नाही. मध्ये भिंत, आणि भिंतीत तो घुमारा.

बियर फसफसायला लागली त्या दुपारी काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

"मिटलेल्या," मामपिंगा म्हणाली.

अर्धमिटलेल्या. कारण त्या दुपारी अख्खं घर झोपलं होतं. सकाळी भुरभुर येऊन गेली होती, मग ऊन पडलं, आणि वाफेबरोबर झोप उठली. पिंपांपाशी तू, मामपिंगा, हातात ढवळणी तशीच धरून. मोंडे मक्याच्या पोत्यावर. मी भिंतीला टेकून. आणि दारातल्या खुर्चीत वेलिले, हनुवटी छातीवर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. गल्लीत कुत्रं भुंकायला तोंड उघडून तसंच पेंगलं. आणि मी बघतो तर खिडकी आपोआप उघडली. माश्यांनी पानं धरली, प्रत्येकीनं एकेक कड, आणि झाड उचललं. असं तरंगत बाहेर आलं ते, टोपलीसकट. मुळं खाली लोंबतायत, थेंब थेंब पाणी गळतंय, प्रत्येक थेंबात ऊन. माझ्या डोक्यावरून गेलं तेव्हा सावली थंड लागली. कोंबड्यांनी माना वर करून पाहिलं आणि परत खाली घातल्या. अंगण ओलांडून झाड गेलं ते सरळ या कुंपणात. इथं, माझ्या पाठीमागे. अगदी मधोमध, शेणमातीत उभं राहिलं.

"आणि तू उठून आम्हाला सांगितलं नाहीस," मोंडे म्हणाला.

"पाय जड झाले होते. मी सांगितलं ना, त्या उजेडानं."

"दुपारी बाहेर कुठला आला तुझा जांभळा उजेड?"

"साठलेला होता पायात."

लोक हसले. हसू दिलं मी त्यांना. मग हळूच म्हणालो, "ठीक आहे, माझं उडणं खोटं धरा. पण झाड कुंपणात होतं की नाही?"

"होतं," मोंडे म्हणाला. त्याला म्हणावंच लागलं. वेलिलेच्या हाकेनं आम्ही सगळेच जागे झालो होतो, सगळ्यांनीच पाहिलं होतं. कुंपणाच्या मध्यावर ते झाड, त्यावर मोहोळ, जसंच्या तसं, न चिडलेलं. घराच्या जुन्या लोकांची जागा शेवटी गुरांच्या कुंपणातच, तिथंच ते जाऊन बसले होते. वेलिले टोपी काढून फाटकात उभा होता. आम्ही बियर आणली, ओतली, वडीलधारे बोलले. उन्हं कलली तेव्हा मोहोळ उठलं, घरावरून एक फेरी मारून डोंगराकडे गेलं. खोलीतल्या माद्यांना बी धरलं नाही. म्हणजे धरलं, खालच्या एका फांदीला, मूठभर. बाकी पीक स्वच्छ निघालं. मामटोलो हिवाळाभर झोपली, आणि या खेपेला वेलिलेही झोपला.

"तर मग आता सांगा," मी म्हणालो, आणि डबा खाली ठेवला. "कुणी नेलं ते झाड? मोंडेनं? मोंडे मधमाशी बघितली की बायकांच्या झग्यामागे लपतो."

"लहान होतो तेव्हा."

"गेल्या वर्षी. मी? माझे गुडघे बघा. वेलिले? तो तर त्या झाडाला फुंकरही घालत नव्हता. शेजारचे पुरुष कामावर. आणि बायका म्हणाल, तर बाहेरून आलेली सून नवऱ्याच्या घराण्याच्या कुंपणात पाऊल टाकत नाही, हे कोंबडीलाही माहीत आहे. उरलं कोण? आणि माणसानं नेलं असतं तर माग नको? अंगण टणक, ते सोडा. पण कुंपणातली माती सकाळच्या भुरभुरीनं लोण्यासारखी झाली होती. मी वेलिलेच्या पाठोपाठ आत गेलो. फाटकापासून झाडापर्यंत सपाट. नुसती सपाट, आत्ता हात फिरवावा तशी. एक पाऊल नव्हतं. एक. ज्याला मी खोटा वाटतो, त्यानं मला ते पाऊल दाखवावं."

मी डबा उचलला.

"पाऊल होतं, झिझी."

आवाज इतका बारीक, वापरात नसलेल्या दारासारखा, की मला आधी कळलंच नाही कुठून आला. मग बायकांच्या माना वळल्या. मामटोलो खुर्चीतच होती, हात मांडीवर तसेच. फक्त आता डोंगराकडे बघत नव्हती.

"खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "पाऊल होतं."

"कुणाचं, मामी?" मोंडेनं विचारलं.

"माझं."

मामपिंगानं तोंडावर हात ठेवला. पुरुषांच्या बाजूला एक म्हातारा खाकरला.

"तुम्ही सगळे झोपला होता, तेवढं खरं सांगितलंत," मामटोलो म्हणाली. ती हळू बोलत होती, शब्द ठेवून बघत. "मला कुठली झोप. उठले. हे खुर्चीत. यांच्या पायावरून पाय टाकून आत गेले. उजव्या हातानं टोपली उचलली, छातीशी धरली. जड होतं. गरम होतं. माश्या हातावर आल्या, मानेवर आल्या. एकही चावली नाही. त्यांना हाकललं नाही मी. बसल्या जागेसकट नेलं."

"पण कुंपणात," मामपिंगा म्हणाली. "तू कुंपणात गेलीस."

"दुसरीकडे कुठे ठेवणार त्यांना? कोंबड्यांत?"

मामपिंगा चटईवरून तिच्या खुर्चीकडे सरकली.

"हे दारात बसून वाळत चालले होते," ती म्हणाली. "पूर्वज यांचे, झोप माझी. दोन्हीकडून ओढले जात होते हे. मी टोलो कुळाची लेक. भेल्यांचे पूर्वज रागावले तर माझ्यावर रागावतील, यांच्यावर नाही, असं वाटलं."

"आणि मामाला कधी कळलंच नाही?" मोंडेनं विचारलं.

मामटोलोनं खांद्यावरची शाल नीट केली. डावा हात अजून तितकासा वर होत नाही, म्हणून वेळ लागला.

"मी परत येऊन पडले होते," ती म्हणाली. "माझ्या पलंगावरून कुंपण दिसतं. हे जागे झाले, खोलीत गेले, बाहेर आले, फाटकापाशी आले. खाली पाहिलं. पुष्कळ वेळ पाहत होते. एक उमटलेलं, एक ओढलेलं, एक उमटलेलं, एक ओढलेलं, असं झाडापर्यंत. मग बूट काढले, आत गेले आणि अनवाणी पायानं सगळं पुसलं. जाताना पुसलं, येताना पुसलं. पाय गवताला घासले, बूट घातले. मग तुम्हाला हाक मारली."